चौकटीतलं शेवाळ

समुद्राचं पाणी गोडं करणारा कारखाना गावाला नळानं पाणी द्यायचा आणि उरलेलं दाट खारं पाणी पाइपानं परत समुद्रात सोडायचा. पाइपाजवळचं शेवाळ पांढरं पडून गळून गेलं. सासूबाईंचा खडक मात्र दक्षिणेला, टेकाडामागे होता. तिथलं शेवाळ वाळवून विकण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती आणि तो खडक अजून हिरवागार होता.

जावई कारखान्यात शेवाळ मोजायला. दर तीन महिन्यांनी पाइपाजवळच्या खडकावर ठोकलेल्या चार खिळ्यांवर लोखंडी चौकट ठेवायची आणि आत किती शेवाळ आहे ते लिहायचं. चौकटीबाहेर बघायचं नाही, असा नियमच होता. साहेबलोकांना तेवढं ज्ञान पुरत असे.

"या वेळी चौकट रिकामी निघणार म्हणे," लेक सहज बोलून गेली, "आणि उद्या साहेबही येणार आहेत."

सासूबाईंनी मनातल्या मनात हिशेब मांडला. मोजायला काही उरलंच नाही, तर मोजणाऱ्याला कोण ठेवून घेईल? त्यातून जावई म्हणजे गरीब गाय. त्याच दुपारी ओहोटीला त्यांनी आपल्या खडकावरचे शेवाळ धरलेले दगड पाटीत भरले, कंबर मोडेस्तोवर वाहिले आणि चार खिळ्यांच्या मधे नीट बसवले.

दुसऱ्या दिवशी साहेब खूश. जावई आ वासून बघतच राहिला. पण चौकट गच्च भरलेली; लिहावं लागलं.

संध्याकाळी त्यानं ताट बाजूला सारलं. "आई, दीड वर्ष या रिकाम्या चौकटीची वाट बघत होतो. शेवाळ मेल्याचं कागदावर आलं असतं, तर कारखान्याचा दुसरा पाइप रद्द झाला असता. आज साहेबांनी जागच्या जागी मंजूर केला."

"कुठे घालणार?"

"टेकाडामागे. तुमच्या खडकावर. तुमच्या जिवाला घोर नको, म्हणून बोललो नव्हतो."

सासूबाईंना रडू कोसळलं. जावयापाशी सगळं कबूल करून त्या सकाळी तडक ऑफिसात गेल्या आणि साहेबांनाही सांगितलं, "दगड मी ठेवले. ते शेवाळ माझ्या खडकावरचं. पाइप थांबवा."

साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग कौतुकानं म्हणाले, "वा, मावशी! तुम्हाला कामावरच घेतो. दर तीन महिन्यांनी असंच आणून लावत जा."

"लावते की," सासूबाई म्हणाल्या. "पण साहेब, आणू कुठून?"