नेम माझा चुकला नव्हता

मी शिकारीची रायफल आहे. हाताने बोल्टचा दांडा मागे ओढून पुढे ढकलावा तेव्हा कुठे दुसऱ्या गोळीला तयार होणारी, जुन्या चालीची. पेनसिल्व्हेनियाच्या उत्तरेकडच्या डोंगरात केस्लरांचं घर आहे, त्या घराच्या तळघरात एका लाकडी कपाटात सध्या माझा मुक्काम असतो. बाहेर माझ्याबद्दल काय बोललं जातं ते मला ठाऊक आहे. म्हणतात, दगाबाज निघाली. आजवर ऐकून घेतलं. आज मात्र बोलणार आहे.

माझा जन्म कारखान्यातला. एकाच दिवशी माझ्यासारख्या कितीतरी जणी पट्ट्यावरून पुढे सरकत होत्या. खांद्याला टेकायचा लाकडी दस्ता चकचकीत, सगळ्यांना बसेल अशा मापाचा, म्हणजे खरं तर कुणालाच नीट न बसणारा. चाप इतका ताठ की ओढणाऱ्याचं बोट दुखावं. मी कुरूप नव्हते, पण मला माझं असं काही नव्हतंच.

ऑरिन केस्लरने मला दुकानातून उचललं तेव्हा तो तिशीतला होता. ओतकामाच्या कारखान्यात लाकडी साचे बनवायचा. हाडाचा कारागीर. बुटका, रुंद छातीचा, आणि उजवा अंगठा लहानपणी मोडून वाकडाच जुळलेला. त्याने मला खांद्याला लावलं, मान वाकडी केली आणि दुकानदाराला म्हणाला, "ही माझी नाही. पण होईल."

मग त्या माणसाने जे केलं ते सांगायला मला आजही अभिमान वाटतो. पहिल्याच हिवाळ्यात त्याने माझा दस्ता काढून टाकला आणि अक्रोडाच्या एका ओंडक्यातून नवा कोरायला घेतला. कारखान्यातून आला की जेवण उरकून तळघरात. थोडं तासायचं, खांद्याला लावायचं, पुन्हा तासायचं. दोन बोटं आखूड केला, गाल टेकतो तिथे उंचवटा ठेवला, आणि त्या वाकड्या अंगठ्यासाठी एक खळगी कोरली. ती खळगी जगात दुसऱ्या कुणाच्याच अंगठ्याला बसत नाही. माझी नळी लाकडाला कुठेही टेकू नये म्हणून मधल्या फटीतून तो कागदाची पट्टी ओढून बघायचा. पट्टी अडली की पुन्हा कानस. चाप त्याने असा मऊ केला की त्याने मनात आणावं आणि मी सुटावं. बोल्टची मूठ मोठी केली, थंडीत जाड हातमोजे घालूनही पकडता यावी म्हणून.

त्याचा मेहुणा स्टॅश एकदा तळघरात डोकावला आणि म्हणाला, "दाजी, माझ्या बहिणीचे याच्या निम्मे लाड केलेत तरी ती तुम्हाला रोज गरम जेवण वाढेल." ऑरिन हसला नाही. त्याला कागदाची पट्टी कुठेतरी अडल्यासारखी वाटत होती.

असे दहा हिवाळे गेले असतील. दर वर्षी काहीतरी बारीकसारीक चालायचंच, पण त्यात चूक काढणं नव्हतं, माया होती. आणि मी त्याची परतफेड केली. नोव्हेंबरच्या शेवटी हरणांचा हंगाम उघडला की सगळे डोंगरावरच्या कॅम्पमध्ये जायचे. ऑरिन, स्टॅश, त्यांचे आठ-दहा सोबती, आणि पुढे मोठी झाल्यावर ऑरिनची मुलगी डार्लाही. एक गोळी, एक हरीण. त्या कॅम्पात माझा दबदबा होता. ऑरिनची रायफल म्हटलं की लोक हात पुसून मग मला हातात घ्यायचे.

आता त्या कॅम्पची एक रीत सांगते, कारण माझं सगळं वाटोळं तिच्यापायी झालं. समोर उभं असलेलं हरीण ज्याच्या हातून हुकेल, त्याच्या सदऱ्याचं मागचं खालचं टोक सगळ्यांसमोर कात्रीने कापायचं, त्यावर शाईने नाव आणि साल लिहायचं आणि जेवणघराच्या भिंतीवर ठोकायचं. भिंतभर चिंध्या आहेत. स्टॅशच्या चार, आणि त्या तो पाहुण्यांना स्वतः दाखवतो. डार्लाची एक. ऑरिनची एकही नाही. सव्वीस वर्षांत एकही नाही. तो त्याबद्दल कधी बढाई मारायचा नाही. पण जेवायला बसताना त्या भिंतीकडे तोंड करून बसायचा, हे मी कोपऱ्यातल्या खुंटीवरून पाहिलेलं आहे.

लिओना, म्हणजे त्याची बायको, वारली. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत मला काहीतरी जाणवायला लागलं. माझ्या पाठीवरच्या नेमाच्या दुर्बिणीला डोळा लावला की तो निशाणाच्या आसपास घुटमळायचा. मान तिरकी करून, डोळ्याच्या कडेने बघायचा. समोरची निशाणाची पाटी मला स्वच्छ दिसायची, पण त्याच्या डोळ्याच्या बरोबर मधोमध काहीतरी येऊन बसलं होतं. गोळ्या विस्कटायला लागल्या. आणि तो माझ्यावर संशय घ्यायला लागला. चाप पुन्हा उघडला. दुर्बीण बदलून मोठी आणली. दस्त्याच्या आतलं लाकूड ओलाव्याने फुगलं असेल म्हणून पुन्हा तासलं. काही झालं नव्हतं हो मला! तासलेल्या ठिकाणी पुन्हा तासत होता. ज्या हातांनी मला घडवलं तेच हात आता चोर शोधल्यासारखे माझ्या अंगावरून फिरत होते. तरीही मी म्हणत होते, असू दे, आपलाच माणूस आहे, कळेल त्याला.

त्या वर्षी हंगामाच्या पहिल्या सोमवारी सकाळी डार्लाने त्याला कॉफी दिली. त्याने दूध कपाच्या बाहेर ओतलं. तिने पाहिलं आणि फडक्याने पुसलं.

दहाच्या सुमाराला एक नर पुढे आला. मोठा, दोन्हीकडे पाच-पाच टोकांची शिंगं. ऐंशी पावलांवर आडवा उभा. माझ्या नळीपासून त्याच्या छातीपर्यंत एक काडीही मध्ये नव्हती. ऑरिनचा श्वास जोरात चालला होता. तो कडेने बघत होता, शोधत होता, आणि मी हरणाच्या बाजूच्या झुडपावर रोखलेली होते. मला ओरडता आलं असतं तर ओरडले असते. त्याने चाप ओढला. हरणाने मान वर केली, जरा विचार केल्यासारखं केलं आणि चालत निघून गेलं. पळालंसुद्धा नाही. पलीकडच्या उतारावरून स्टॅशने सगळं पाहिलं होतं.

दुपारी हॅम आणि घेवड्याचं सूप वाढून झालं आणि स्टॅशने खिशातून कात्री काढून टेबलावर ठेवली. सगळे खदाखदा हसले. सव्वीस वर्षं वाट पाहिली होती त्यांनी. त्यात वाईट भावना कुणाचीच नव्हती. "उठा दाजी," स्टॅश म्हणाला, "पाठ करा. लिओनाने घेतलेला सदरा असेल तर सांगा, बेताने कापतो."

ऑरिन उठला नाही. ताटलीकडे बघत म्हणाला, "चूक रायफलची आहे."

मी खुंटीवर होते. तोंडात मारल्यासारखं झालं मला.

हसणं थांबलं. कारण यालाही कॅम्पचा एक नियम होता. कुणी रायफलला दोष दिला तर दुसऱ्याने ती शंभर पावलांवरून कागदावर तीनदा झाडून बघायची. गोळ्या जागेवर लागल्या तर सदरा कापायचा, नाहीतर माफ. झाडणार कोण, तर कॅम्पातला सगळ्यात चांगला हात, म्हणजे डार्ला.

मला तर आनंद झाला होता. म्हटलं, आता दूध का दूध होईल. ऑरिन म्हणाला, नळी पुसून आणतो, आणि मला घेऊन लाकडाच्या वखारीमागे गेला. एकटाच. मला मांडीवर ठेवलं. मला वाटलं, जरा पाठ थोपटेल, माफी मागेल. त्याने दुर्बिणीच्या बाजूचं छोटं टोपण उघडलं. त्या टोपणाच्या सांध्यावर तो दर हंगामाआधी लिओनाच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका लावायचा, म्हणजे कुणी हात लावला तर कळावं. तो ठिपका त्याने स्वतःच्या नखाने फोडला. आतली, नेम डावीकडे-उजवीकडे सरकवणारी चकती फिरवायला लागला. खट, खट, खट. डोळ्यांनी दिसत नव्हतं म्हणून तो मोजत होता. चाळीस खटके. मग टोपण बसवलं, माझ्या दस्त्यावरून एकदा हात फिरवला आणि उठला.

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. परक्याने केलं असतं तर मी एवढं मनाला लावून घेतलं नसतं.

डार्ला वाळूच्या पोत्यावर मला ठेवून पालथी पडली. माझी खळगी तिच्या अंगठ्याला बसत नव्हती, तरी तिने मला छान धरलं होतं. तीन गोळ्या. तिन्ही एकमेकींना चिकटून, आणि मधल्या ठिपक्यापासून वीतभर उजवीकडे. मी आणखी काय करणार? जिथे बघायला लावलं तिथेच मारलं, तिन्ही वेळा.

स्टॅशने कागद आणला, वळवून वळवून पाहिला. म्हणाला, दुर्बीण कुठेतरी आपटलेली दिसते. कात्री खिशात गेली. ऑरिन चुलीजवळ जाऊन बसला.

पण डार्ला तशीच पालथी होती. तिचा हात टोपणावर गेला आणि फुटलेल्या लाल ठिपक्यावर थांबला. तिने टोपण उघडून चकती बघितली. आपटल्याने दुर्बीण सरकते, चकती फिरत नाही, हे तिला बापानेच शिकवलं होतं. तिने वखारीकडे पाहिलं. मग ती बराच वेळ माझ्या गालावर गाल ठेवून पडून राहिली आणि मी आशेने वाट पाहत राहिले. एक वाक्य बोलली असती तरी मी सुटले असते.

ती उठली, आत गेली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "मामा, बाबांचं बरोबर आहे. रायफलच बिघडलीय."

संध्याकाळी गाडीत सामान भरताना तिने ऑरिनला बाजूला घेतलं. तिचा आवाज शांत होता.

"बाबा, रायफलने दगा दिला ना?"

"हो."

"मग आता हिला हात लावायचा नाही. दुसरीही घ्यायची नाही. आणि गुरुवारी माझ्याबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरकडे यायचं."

ऑरिनने बुटाने बर्फ उकरला. "तुला कळलं?"

"मला एवढंच कळलंय की रायफल बिघडलीय," डार्ला म्हणाली. "उद्या झुडपात हरणाऐवजी माणूस असला तर? म्हणून म्हणते. येणार ना?"

"येतो."

डॉक्टरने सांगितलं, डोळ्याच्या मधला डाग आहे, वाढेल पण बरा होणार नाही. त्या दिवसापासून ऑरिनने शिकार सोडली. हे चांगलंच झालं, मी एवढी दुष्ट नाही. डार्लाने बापाची अब्रूही राखली आणि कुणाचा तरी जीवही वाचवला असेल. शहाणी मुलगी. पण तिने दोघांतला एक निवडला, आणि तो मी नव्हते.

आता मी कपाटात असते. डार्ला दुसरी, साधी कारखान्याची रायफल घेऊन डोंगरावर जाते. मला कधीच नेत नाही. नेईलच कशी? मी एकदा नीट लागले की तिचा बाप खोटा पडतो. त्याचं खरं राहावं म्हणून मला जन्मभर बिघडलेलं राहायचं आहे.

ऑरिन अजून कॅम्पला जातो, सूप करायला. परवा घरी स्टॅश आला होता, वर जेवणाच्या टेबलावर माझा विषय निघाला. मी खाली कपाटात होते, जिन्याचं दार उघडं होतं. स्टॅश म्हणाला, एवढी मेहनत केलीत दाजी, आणि शेवटी असं झालं. ऑरिन म्हणाला, "काय करणार? कितीही घडवा, कारखान्याचा माल तो कारखान्याचाच."

कारखान्याचा माल! माझ्यात कारखान्याचं उरलं होतं काय? नळीचं लोखंड सोडलं तर बाकी सगळी मी त्याच्याच हातची. मला नावं ठेवताना त्याने स्वतःच्या दहा हिवाळ्यांना खोटं पाडलं. ते बोलून तो लगेच टेबलावरून उठला, खुर्ची सरकल्याचा आवाज मला खालपर्यंत आला.

लोकांनी मला काय म्हणायचं ते म्हणोत, आता मी त्यांच्याशी भांडत नाही. डार्ला, तुझ्याकडे मात्र एक मागणं आहे. मला डोंगरावर नेऊ नकोस, गोळी भरू नकोस, कुणाला काही सांगूही नकोस. फक्त घरात कुणी नसताना एकदा खाली ये, ते टोपण उघड आणि ते चाळीस खटके उलटे फिरवून ठेव. मग कपाट बंद कर हवं तर.