माझ्यावर न बसलेले वडील

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे आणि मी माणसाच्या मनाचा तळ पाहिला आहे. त्याआधी बावीस वर्षं मी फक्त एका हेडक्लार्कची पाठ पाहिली, हेही प्रामाणिकपणे नमूद करते.

मी सागवानाची. मला घडवलं तेव्हा सुतार म्हणाला होता, "हत्ती बसला तरी हलायची नाही." हत्ती कधी आला नाही. ऑफिसात नवं फर्निचर आलं, मी लिलावात निघाले आणि मानसोपचार करणाऱ्या एका बाईंनी मला घेतलं. त्या माझ्यावर कोणाला बसूच देत नसत. वाटलं, चला, म्हातारपणी आराम.

भीती तिथेच सुरू झाली. समोरच्या सोफ्यावर माणूस बसायचा. बाई माझ्याकडे हात करून म्हणायच्या, "समजा, ते इथे बसलेत. बोला त्यांच्याशी." आणि मित्रांनो, कोणीतरी येऊन बसायचं. कोणाची सासू, कोणाचा वारलेला भाऊ, कोणाचे छडीवाले मास्तर. वजन काहीच नसायचं, पण समोरच्याचा चेहरा पांढराफटक पडायचा. आपल्यावर काय बसलंय ते बघायला खुर्चीला मान वळवता येत नाही.

एकदा घड्याळं दुरुस्त करणारे एक गृहस्थ आले.

"मुलगी घाबरते मला," ते म्हणाले. "नऊ वर्षांची आहे. बोट लावलेलं नाही हो मी कधी. पण मी घरात पाऊल टाकलं की बोलताना अडखळायला लागते. आता तर बोलतच नाही माझ्याशी."

बाईंनी त्यांना सांगितलं, तुमच्या वडिलांना या खुर्चीवर बसवा. गृहस्थांनी आधी खिशातला रुमाल काढून मला पुसलं. मग स्वतः उभेच राहिले.

"हो बाबा," ते म्हणाले. जरा वेळाने पुन्हा, "हो बाबा."

"अहो, ते अजून काही बोललेच नाहीत!"

"बोलायची वेळच येऊ द्यायची नसते, बाई."

तीन आठवडे हेच. चौथ्या खेपेला बाई म्हणाल्या, "आज तुम्ही बसा तिथे. वडील व्हा."

ते टेकले. हळूहळू त्यांची पाठ ताठ झाली, बोटं माझ्या हातांवर आवळली गेली आणि कुठून तरी खोलातून एक आवाज आला, "हसायला काय झालं?"

खोलीत कोणीही हसत नव्हतं. माझे सांधे गार पडले.

गृहस्थ विंचू चावल्यासारखे उठले. "हे बाबांचं वाक्य," ते म्हणाले. "पण रोज मी म्हणतो. घरी. तिला. ह्याच सुरात."

"ज्यांना घाबरत आलात, त्यांनाच आत बिऱ्हाड दिलंत," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

तो आठवडा मी धास्तीत काढला. कारण बरेच जण इथवर येतात आणि नंतर फोनही उचलत नाहीत.

ते आले, मुलीला घेऊन. तिला माझ्यावर बसवलं. तिचे पाय जमिनीला पोचत नव्हते. वडील खाली फरशीवर बसले.

"तू मला घाबरतेस ना, तसाच मीपण घाबरायचो."

तिने माझे दोन्ही हात घट्ट धरले. मग म्हणाली, "को... कोणाला?"

"आजोबांना. इथे येऊनसुद्धा घाबरायचो. बाई त्यांना ह्याच खुर्चीवर बसवायच्या."

ती दचकली. मी तर थिजलेच. मग ती एका अंगाला सरकली आणि तिने शेजारी वडिलांना जागा करून दिली.

"बाबा, मी हसले तर ओरडाल?"

"सवय आहे गं. तोंडून निघेलही. निघालं तर सांग मला."

"हसून सांगू?"

"हसूनच सांग."

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी खुर्ची असेल. तिचे खिळे तपासा, तिला उन्हापावसात टाकू नका. आणि तिच्यावर बसताना आपण कोण होऊन बसतोय, तेवढं एकदा बघून घ्या. आम्ही चार पायांवर उभ्या असलो, तरी आम्हाला पळून जाता येत नाही.

आणि ते आजोबा? नंतर कळलं, ते हयात होते आणि त्या दिवशी आपल्या थोरल्या मुलाच्या गावी दाताच्या दवाखान्यात होते. कवळी बसवून घ्यायला.