मायामी बीच ते की वेस्ट: सात पर्याय

मायामी बीच ते फ्लोरिडाच्या टोकाचं की वेस्ट बेट हे अंतर एकशे पासष्ट मैल आहे आणि तिथे जायला रस्ता एकच आहे. मोहन देवपुजारी यांनी त्याचे सात पर्याय काढले.

निमित्त भाचीच्या लग्नाचं होतं. अनिका ही त्यांच्या थोरल्या बहिणीची, शोभनाची, एकुलती एक मुलगी. जन्म नॉर्थ कॅरोलायनातला, नोकरी की वेस्टला, प्रवाळांच्या अभ्यासाची. नवरा मुलगा ऋषी तिच्याच प्रयोगशाळेतला. लग्न तिथल्याच वाळूवर करायचं असं दोघांनी ठरवलं आणि तारीख घेतली रविवार, २८ ऑक्टोबर २००७. चातुर्मास चालू होता, पण तुळशीच्या लग्नानंतर ती जागा मोकळी नव्हती. वेस्ट विंडसरच्या गुरुजींनी मग काढीव मुहूर्त दिला: दुपारी बारा वाजून एकवीस मिनिटं. वरच्या एकवीस मिनिटांमुळे तो खरा वाटत होता.

शोभनाने भावाला दोन कामं सांगितली. मामाकडची पिवळी साडी आणायची, ती नेसून अनिका गौरीहर पुजेल, आणि तिथून मामाने तिला बोहल्यावर आणायचं. हे पहिलं काम.

"मला एकच भाऊ आणि तिला एकच मामा," शोभना फोनवर म्हणाली. "यात ऑप्शन नाही, मोहन."

दुसरं काम तिने फोन ठेवता ठेवता सांगितलं. हळद शुक्रवारी मायामी बीचच्या हॉटेलात होती. नॉर्थ कॅरोलायनातल्या मॉरिसव्हिलहून येणाऱ्या सव्वीस पाहुण्यांना तिथून पुढे की वेस्टला कसं न्यायचं, तेवढं बघ. घात त्या 'तेवढं'ने केला.

मोहनराव मूळचे नागपूरचे, आता मॉरिसव्हिलचे, वय चोपन्न, एका विमा कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर. ते वर्ष त्यांच्या भरभराटीचं होतं. घड्याळं हिवाळ्यासाठी एक तास मागे घेण्याचा दिवस सरकारने बदलला होता. पूर्वी तो ऑक्टोबरचा शेवटचा रविवार असे, आता नोव्हेंबरचा पहिला झाला. कंपनीच्या चौदाशे सर्व्हरना ही गोष्ट शिकवण्याचं काम मोहनरावांच्या टीमने वेळेत पूर्ण केलं. कंपनीने त्यांना काचेचा एक त्रिकोण दिला. तो दिवाणखान्यात गणपतीच्या शेजारी होता.

तर अशा माणसाने एक्सेल उघडलं. बस, भाड्याची गाडी, भाड्याची व्हॅन, लहान विमान, बोट, अर्धं अंतर गाडी आणि अर्धं विमान, आणि 'कम्प्लीटनेससाठी' सायकल. बोट फ्लोरिडाच्या दुसऱ्या किनाऱ्यावरून सुटत होती, म्हणजे बोटीपर्यंत पोचायलाच तीन तास उलटीकडे जावं लागलं असतं. तरी ती तक्त्यात राहिली, कारण तिला 'व्ह्यू'मध्ये दहापैकी दहा होते. निकष अकरा होते. वेळ, भरवसा, गुडघे, बाथरूम, मळमळ, सामान वगैरे. प्रत्येकाला वजन दिलं होतं आणि ती वजनं पाहुण्यांनी ईमेलने कळवायची होती.

सव्वीस पाहुण्यांपैकी नऊ जणांनी वजनं कळवली. त्यात पाच जणांना सगळंच महत्त्वाचं वाटत होतं. एका काकूंनी उलट विचारलं, वाटेत देऊळ आहे का? मोहनरावांनी देवळाचा रकाना वाढवला. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत तक्त्याच्या अकरा आवृत्त्या निघाल्या.

अकराव्या आवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी शोभनाच्या नणंदेने, सुनेत्राने, मायामीतल्या एका बसवाल्याला फोन केला. बोलणं चार मिनिटं चाललं. शनिवारी सकाळी दहाला बस निघेल, असं तिने सगळ्यांना एका ओळीत कळवलं. सव्वीसपैकी पंचवीस जणांनी पाच मिनिटांत 'येस' लिहिलं. त्यात मोहनरावांची बायको विनीताही होती.

"बसचा स्कोअर चार पॉइंट एक आहे," मोहनराव घरी म्हणाले.

"पण तिला सीट्स आहेत," विनीता म्हणाली.

"प्लेन नऊ पॉइंट दोन. रविवारी सकाळी आठ वीसला निघतं, नऊ पाचला पोचतं. बसमधून उतरून तुमचे पाय सुजलेले असतील. मी फ्रेश येईन."

"साडी तरी माझ्याकडे दे. मी शनिवारीच नेते."

"साडी मामाने आणायची असते, विनीता. मामाचा मान आहे तो."

चोवीस वर्षांच्या संसारात विनीताने न बोलण्याची जागा ओळखली होती.

शनिवारी बस गेली. दुपारी वाटेतल्या एका पुलावरून सुनेत्राने मोहनरावांना फोन केला. मागे गाण्याच्या भेंड्या चालल्या होत्या.

"मोहनराव, व्ह्यूला किती मार्क दिले होते तुम्ही बसला? तीन? दोन्ही बाजूंना समुद्र आहे हो! खिडक्या पुसायला तुम्हीच हवे होतात!"

बस हसली. मोहनरावांनी फोन बंद केला आणि बंदच ठेवला. रात्री झोपताना त्यांनी बॅगेतलं प्रवासी घड्याळ काढून सहाचा गजर लावला. घड्याळ चार वर्षांपूर्वीचं होतं. त्याची खुबी अशी की हिवाळ्याची वेळ आपोआप लागत असे, हात लावावा लागत नसे.

पहाटे दोन वाजता, जुन्या कायद्याप्रमाणे, ते घड्याळ एक तास मागे गेलं.

मोहनराव सहाला उठले तेव्हा सात वाजले होते. त्यांनी दाढी केली, रेशमी कुर्ता घातला, साडीची पिशवी घेतली. टॅक्सीतलं घड्याळ त्यांच्या घड्याळाच्या एक तास पुढे होतं. त्यांनी ते ड्रायव्हरच्या लक्षात आणून दिलं.

"युअर क्लॉक इज राँग."

"मेबी," ड्रायव्हर म्हणाला.

मोहनरावांनी त्याला नवा कायदा समजावून सांगितला. चौदाशे सर्व्हरचंही सांगितलं. विमानतळ येईपर्यंत ड्रायव्हर एकदाच बोलला, आणि ते भाड्याबद्दल.

काउंटरवर ते आठ पंचवीसला पोचले. त्यांच्या हिशेबाने सात पंचवीस. त्यांनी पंचावन्न मिनिटांचा बफर ठेवला होता. चूक साठ मिनिटांची होती.

"युअर फ्लाइट लेफ्ट, सर," काउंटरवरची मुलगी म्हणाली. पुढचं विमान दहा पन्नासला होतं, भरलेलं. कोणी आलं नाही तर जागा मिळेल. तीच पुढे म्हणाली, "आत्ता गाडी घेऊन निघालात तर साडेतीन तासांत पोचाल. भाड्याच्या गाड्या त्या दारातून बाहेर, समोरच."

आठ पंचेचाळीसला निघाले असते तर सव्वाबाराला पोचले असते. मुहूर्ताला सहा मिनिटं उरली असती. गौरीहर हुकला असता, पण बोहल्यावर न्यायला मामा असता. हे गणित त्या मुलीने तोंडी केलं होतं.

मोहनराव दाराकडे निघाले. वाटेत एक रिकामी खुर्ची होती आणि तिच्याशेजारी प्लग होता.

त्यांनी लॅपटॉप उघडला. इनपुट बदलले होते. जुना निकाल आता धरता येत नव्हता. वेळेचं वजन वाढवलं, व्ह्यूचं शून्य केलं. दहा पन्नासच्या विमानात जागा मिळण्याची शक्यता किती धरायची यावर ते काही वेळ अडले. तीस टक्के धरली तर गाडी पुढे, पस्तीस धरली तर विमान. त्यांनी काउंटरवर जाऊन मुलीला विचारलं, तीस का पस्तीस? ती म्हणाली, सर, आय डोंट नो. त्यांनी साडेबत्तीस धरली. दोन्ही पर्याय सारखे आले. बरोबरी फोडायला त्यांनी आणखी एक निकष घातला. अखेर गाडी जिंकली, शून्य पॉइंट तीनने.

ते गाडीत बसले तेव्हा नऊ वीस झाले होते.

फोन चालू केला तर सात निरोप होते. त्यांनी शोभनाला लावला.

"कुठे आहेस तू? गुरुजी विचारतायत!"

"ताई, निघालोय. गाडीने. घड्याळाचा इश्यू झाला. पोचतो."

"किती वाजता?"

"ट्रॅफिकवर आहे. बेस्ट केस बारा पन्नास."



"मोहन," शोभना म्हणाली, "मुहूर्त बारा एकवीसचा आहे. तुला मी दोन महिन्यांपूर्वी सांगितलंय. तुझ्या तक्त्यात तो कुठे होता?"

मुहूर्त तक्त्यात नव्हता. अकरा निकष आणि एक देऊळ होतं.

की वेस्टला अकरा वाजता सगळं तयार होतं. वाळूवर चटया होत्या, गौरीहर मांडलेला होता, अन्नपूर्णा होती, हळदीकुंकू होतं. अनिका खोलीत परकर-पोलक्यावर बसली होती.

"सो, नो मामा?" तिने विचारलं.

"येतोय गं तो," शोभना म्हणाली आणि तिचा आवाज फुटला. "दारात उभा राहून सांगितलं होतं त्याने, मी आणीन तुला बोहल्यावर. तू तेव्हा तीन वर्षांची होतीस. एकच गोष्ट मागितली मी त्याच्याकडे."

"आई, डोंट क्राय. आय कॅन वॉक. इट्स लाइक थर्टी फीट."

"तीस फूट चालायचा प्रश्न नाहीये, बाळा."

विनीता उठली. तिने आपल्या बॅगेतून एक पुडकं काढलं. आत कोरी पिवळी साडी होती, हिरव्या काठांची.

शोभना बघत राहिली. "ही कधी घेतलीस?"

"सहावी आवृत्ती आली तेव्हा," विनीता म्हणाली.

मग ती गुरुजींकडे गेली. गुरुजी आठवडाभर बँकेत नोकरी करत, अपवादांची त्यांना सवय होती.

"मामा नाही. मामी चालते का?"

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. "आईच्या माहेरचं माणूस हवं. तुम्ही माहेरच्याच. शास्त्रात असं कुठे नाही म्हटलेलं नाही."

बारा वीसला विनीताने अनिकाचा हात धरून तिला खोलीतून आणलं आणि अंतरपाटामागे स्वतः तिच्या पाठीशी उभी राहिली. बारा एकवीसला अंतरपाट दूर झाला. बसचा ड्रायव्हर मागच्या रांगेत बसला होता. सुनेत्राने त्याच्याही हातात अक्षता दिल्या होत्या. त्याने त्या सगळ्यात आधी टाकल्या.

मोहनराव बारा बावन्नला पोचले. पंगत बसली होती. गाडी उभी करून, पिशवी छातीशी धरून ते वाळूतून चालत आले तेव्हा काही जणांच्या पानात जिलबी होती.

त्यांनी उभ्याउभ्याच खुलासा केला. घड्याळ, जुना कायदा, आपोआप, एक तास. लोकांनी माना हलवल्या. एक काका म्हणाले, आमच्या व्हीसीआरचंही असंच झालं असेल. मोहनरावांना जरा बरं वाटलं.

"विमान चुकलं तेव्हा किती वाजले होते?" विनीताने विचारलं. ती वाढत होती.

"आठ पंचवीस."

"आणि गाडी कधी घेतलीस?"

"नऊ वीसला."

"विमानतळावर गाड्या समोरच मिळतात ना?"

मोहनरावांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"मग ती पंचावन्न मिनिटं घड्याळाने नाही घालवली," विनीता म्हणाली आणि पुढच्या पानाकडे वळली.

अनिका उठून आली. तिने मामांना वाकून नमस्कार केला, पिशवीत डोकावून साडी पाहिली.

"इट्स सो प्रिटी, मामा. मी रिसेप्शनला नेसेन ना. मॉरिसव्हिलला."

"हो," शोभना म्हणाली. ती जेवत नव्हती. "पुढच्या शनिवारी आहे रिसेप्शन, मोहन. तुझ्या घरापासून दोन मैल. आत्तापासून तुलना सुरू कर."

यावर कोणी हसलं नाही.

चार वाजता बस परत निघाली. मोहनराव गाडीचं दार उघडून उभे होते.

"विनीता, ये. एसी चांगला आहे. वाटेत कुठेही थांबता येईल."

"मी बसने येते."

"अगं, पण रिकामी गाडी..."

"साडी आहे ना सोबतीला," ती म्हणाली आणि बसमध्ये चढली.

की वेस्टहून परत जायलाही रस्ता एकच आहे. बेचाळीस पूल, बराचसा भाग दोनच पदरी, पुढे जायला जागा क्वचित. मोहनराव पहिल्या पुलाआधीच बसच्या मागे अडकले. बसच्या मागच्या काचेतून त्यांना सुनेत्राचे टाळ्या देणारे हात दिसत होते, तिच्याशेजारी विनीताची पाठ दिसत होती. भेंड्या कोणत्या अक्षरावर आल्या आहेत ते ऐकू येत नव्हतं. शेजारच्या सीटवर पिशवी होती. व्ह्यू मात्र खरंच दोन्ही बाजूंना होता.

मायामी बीचला बस सात पन्नासला पोचली. मोहनराव सात एक्कावन्नला पोचले.