बाभळेश्वरचं वळण

बिभीषणने ओल्या फडक्याचा बोळा करून गाडीच्या धुराच्या नळकांड्यावर दाबून धरला आणि मान खाली घालून ऐकलं. इंजिन घुसमटलं. पुढे, चालकाशेजारच्या सीटखाली कुठेतरी फुस्स फुस्स असा आवाज सुरू झाला.

"इथं हाय बघा सर. सायलेन्सरच्या जोडापाशी. लई बारीक हाय."

इसहाक सर गुडघे धरून वाकले, पण त्यांना काहीच दिसलं नाही. गाडी त्यांच्यासारखीच सेवानिवृत्तीच्या वयाची. तिच्यात काही ना काही निघणार, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं.

"तशीच चालवली तर?"

"चालंल की. काचा तेवढ्या खाली ठिवा. खालचा पत्रा सडलाय, धूर आत येत असंल. काचा बंद राहिल्या की डोकं जड हुतं, झोप येती." बिभीषणने फडकं खांद्यावर टाकलं. "बाईंना हुतं का तसं कधी?"

सरांना रविवारची वाट आठवली.

दर रविवारी ते आणि मेरीबाई राहात्याहून राहुरीच्या चर्चमध्ये उपासनेला जात. त्यांचं लग्न तिथं लागलं होतं, मुलीचा बाप्तिस्माही तिथंच झाला होता, म्हणून. इस्त्रीच्या साडीवर धूळ नको, यासाठी काचा कायम बंद. वाटेत बाभळेश्वर लागतं. तिथून डावीकडचा रस्ता श्रीरामपूरला जातो आणि श्रीरामपुरात त्यांची मुलगी आराधना राहते. तिने डॅनीशी लग्न केलं, तेही कॅथलिक चर्चमध्ये. डॅनी ख्रिस्तीच, पण सर पडले प्रोटेस्टंट मंडळीच्या कमिटीतले. परक्या माणसाला या दोन्हीतला फरक समजावताना सरांनाही घाम फुटला असता. लग्नाला न जाण्याइतका मात्र तो त्यांना मोठा वाटला होता. तेव्हापासून आराधनाच्या घराची पायरी त्यांनी चढली नव्हती आणि मेरीबाईंनाही चढू दिली नव्हती.

आधी बाभळेश्वर आलं की भांडण पेटायचं. "वळवा ना गाडी, उभ्या उभ्या भेटू." एकदा सर भडकले आणि म्हणाले, या वळणाचं नाव पुन्हा काढायचं नाही. मेरीबाईंनी ते पुन्हा काढलं नाही. उलट उन्हाळ्यापासून त्या बाभळेश्वर यायच्या आत मान टेकून झोपी जायच्या आणि पार कोल्हारच्या पुलावर जाग्या व्हायच्या. सरांना हायसं वाटलं होतं. बायकोचं मन निवलं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. मागच्याच रविवारी चर्चच्या पाळकांना त्यांनी तसं मोठ्या समाधानाने सांगितलंही होतं.

आणि निघाला धूर.

"मग काय, करायचं का?" बिभीषणने विचारलं. "का पुढच्या खेपेला बघू?"

सर गॅरेजच्या दारापर्यंत गेले, जाणारी-येणारी वाहनं पाहून परत आले. बायको जागी राहिली की बाभळेश्वरचं भांडण पुन्हा येणार होतं. असा विचार आपल्या मनात आला, याची त्यांना लाज वाटली. पण विचार काही गेला नाही.

"आणि काचाही बंदच ठेवल्या तर?"

"कशापायी?" बिभीषण त्यांच्याकडे बघतच राहिला.

सरांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"काही नाही. आजच कर. पत्र्यालाही ठिगळ मार."

रविवारी गाडी मुकाट चालली. मेरीबाई मांडीवर बायबल आणि गायनाचं पुस्तक घेऊन बसल्या होत्या. "आवाज गेला की," एवढंच त्या निघताना म्हणाल्या. बाभळेश्वरच्या अलीकडे उसाच्या ट्रॅक्टरमागे गाडी हळू झाली. सरांनी उत्तर तयार ठेवलं होतं: आज उशीर झालाय, पुढच्या रविवारी बघू. चौक जवळ आला तसा त्यांनी घसाही खाकरला.

कुणी काही विचारलं नाही. सरांनी तिरक्या नजरेने पाहिलं. मेरीबाईंची मान मागे टेकलेली होती आणि डोळे मिटलेले होते. हातांनी मात्र दोन्ही पुस्तकं घट्ट धरली होती.

चौक मागे पडला.

"मेरी, झोप लागली का?"

"न्हाई."

"मग डोळे का मिटलेस?"

त्यांनी ते उघडले नाहीत. तशाच बसून त्यांनी विचारलं, "वळण गेलं का?"

म्हणजे ही कुठल्याच रविवारी झोपली नव्हती. आरशात श्रीरामपूरची पाटी लहान होत चालली होती.

"न्हाई अजून," सर म्हणाले आणि पुढे दुभाजक जिथे तुटतो, तिथे वळण्यासाठी त्यांनी उजवा इंडिकेटर लावला.