आण्णांचा विंडो मॅनेजर

हिंदुरावांचा उजवा खांदा धरला तो नेमका लग्नसराईच्या तोंडावर. डॉक्टरांनी बजावलं, हात अंगाशी ठेवायचा, माउसला तर शिवायचंसुद्धा नाही. आता राहत्या घराच्या पुढच्या खोलीत ज्याचं लग्नपत्रिका कंपोज करायचं दुकान आहे, त्यानं माउसला शिवायचं नाही म्हणजे करायचं काय? कीबोर्ड पोटाशी घेऊन टायपिंग जमत होतं. घोडं अडायचं ते खिडक्यांपाशी. गिऱ्हाइकानं व्हॉट्सॲपवर धाडलेली नावं एका खिडकीत, नमुन्याची जुनी पत्रिका दुसरीत, नवी तिसरीत, आणि तिन्ही एकमेकींच्या अंगावर पडलेल्या. वरची सारून खालची काढायची तर माउस हवाच.

“दुकान बंद करतो,” एके सकाळी ते म्हणाले. “लई झालं.”

हे त्यांच्या तोंडून घरात कुणी कधी ऐकलं नव्हतं. मुलगी सृष्टी ते ऐकून हबकलीच. ती पुण्यात एका कंपनीत कामाला होती. वडिलांचा, आण्णांचा, खांदा धरल्याचं कळल्यावर घरून काम करायची परवानगी काढून आली होती, आणि येत्या सोमवारी तिला परत जायचं होतं. त्याआत आण्णांचं काम त्यांच्या एकट्याच्या हाताला जमलं पाहिजे, एवढं एकच तिच्या डोक्यात बसलं.

उपाय तिला ठाऊक होता. टायलिंग विंडो मॅनेजर म्हणून एक प्रकार असतो. तो खिडक्यांना एकमेकींवर चढू देत नाही. फरशी बसवावी तशा शेजारी शेजारी बसवतो, आणि सगळा कारभार कीबोर्डवरून चालतो. व्हायरसला वैतागून तिनं दुकानातल्या जुन्या कंप्युटरवर मागंच विंडोजच्या जागी लिनक्स घालून दिलं होतं, आणि असले मॅनेजर त्याच्यावरच चालतात, त्यामुळं ती अडचण नव्हती. स्वतःच्या लॅपटॉपवर ती असाच एक मॅनेजर वापरायची. त्याच्या सेटिंगची लांबलचक फाइल तिनं वर्षानुवर्षं लाडानं वाढवली होती. तीच तिनं आण्णांच्या कंप्युटरवर जशीच्या तशी उतरवली आणि शाबासकीची वाट बघत उभी राहिली.

शाबासकी राहिली बाजूला, दुपारपर्यंत आण्णांच्या हाकांनी तिचं डोकं उठलं. बोट जरा इकडचं तिकडं झालं की पत्रिका गायब. नवरदेवाचं नाव सापडायचं, तर नवरीचं भलत्याच पडद्यावर जाऊन बसलेलं असायचं.

“ह्या फायलीत लिवलंय तरी काय?” आण्णांनी विचारलं. “तू गेल्यावर मी कुणाला इचारू?”

“मी आहे की फोनवर.”

“तू तुज्या कामात आसनार. माजं मला कळाया पायजे.”

सृष्टीला राग आला. तिच्या जिवापाड जपलेल्या फाइलला आजवर कुणी असं बोललं नव्हतं. त्या फाइलमधलं निम्मं आता आपल्यालाही उलगडत नाही, हे मात्र तिनं तोंडातून काढलं नाही.

मग ती दुसरे मॅनेजर बघत बसली. एकात साधं एक बटण बदलायचं तर प्रोग्रामिंगची भाषा शिकावी लागे. दुसऱ्यात इवलासा बदल केला तरी सगळं सॉफ्टवेअर पुन्हा बांधून काढायचं. तिसरा दिसायला देखणा, पण त्यातली प्रत्येक खिडकी नाचत उघडायची आणि जुन्या कंप्युटरला धाप लागायची. तिची आई, वैजयंताबाई, चहा घेऊन आली आणि तिथंच रेंगाळली.

“स्थळं बघितल्यागत बघती हायस की,” ती म्हणाली. “एवढं सोतासाठी बघितलं आसतंस तर आमी मोकळं झालो आसतो.”

सृष्टीनं ते कानाआड केलं. शेवटी एक साधासुधा मॅनेजर गवसला. एकच फाइल, आणि एका ओळीत एकच गोष्ट: हे बटण, हे त्याचं काम. तिला तो अगदीच गावंढळ वाटला. आण्णांनी मात्र एकेका ओळीवर बोट ठेवत इंग्रजी अक्षरं लावली आणि मान डोलावली. “ह्यो शाना हाय,” म्हणाले.

एवढ्यात त्यांनी नवी खिडकी उघडली. ती आली ती थेट मोठ्या जागेवर बसली, आणि तिथली आधीची पत्रिका कडेला अंग चोरून उभी राहिली. आण्णांचं डोकंच फिरलं. मामाचं नाव एक ओळ खाली गेलं म्हणून लग्नघरात रुसवे झालेले त्यांनी पाहिले होते. कोण कुठं बसतो ही त्यांच्या धंद्यातली सगळ्यात नाजूक बाब.

“उशिरानं आलेला पाव्हना घरधन्याच्या पाटावर बसतो व्हय? पंगतीला शेवटाला बस म्हनावं.”

“एका ओळीचं काम आहे, आण्णा.” तिनं कीबोर्डकडं हात नेला. आण्णांनी डाव्या हातानं तो बाजूला केला.

“कुटली वळ ती दाव. मी करतो. तू आपली शेंगाचटणी आन जा, पुन्याला न्यायाची न्हवं?”

चटणी घेऊन ती परतली तर आण्णा कपाळाला हात लावून बसलेले. पडद्यावर चूक दाखवणारी लाल पट्टी आली होती, आणि पाव्हणे अजून घरधन्याच्याच पाटावर बसत होते.

“माज्या हातनं मोडलं,” ते म्हणाले. “ऱ्हाऊ दे. बंदच करू दुकान.”

सृष्टीचे हात शिवशिवले. क्षणभराचं काम होतं. पण तिनं ते मांडीखाली घालून दाबून धरले.

“पट्टीवर काय लिहिलंय, वाचा बघू.”

“लाइन वन. म्हंजे पयली वळ.”

“पहिल्या ओळीत काय आहे?”

“श्री हाय. दुसरं काय आसनार? श्री काढल्याबिगर मी आजपातूर एक कागुद सुरू केला न्हाय.”

खरंच होतं. फाइलच्या माथ्यावर, पत्रिकेवर असतो तसा, दोन्हीकडं दंड काढून त्यांनी श्री घातला होता. बिचाऱ्या मॅनेजरनं ती आज्ञा समजून पाळायची खटपट केली होती. सृष्टीला हसू फुटत होतं आणि आण्णांबद्दल मायाही दाटून येत होती. तिनं सांगितलं, ओळीच्या आधी हॅशची खूण घाला, मग यंत्र ती ओळ सोडून देतं.

“देवाला वगळायचं म्हन की.”

“तसं नाही हो. त्या ओळी यंत्रासाठी नसतात. त्या आपण वाचायच्या, माणसांनी.”

आण्णांनी जरा विचार केला आणि डाव्या हातानं खूण घातली. लाल पट्टी गेली. नवी खिडकी आली आणि गुपचूप शेवटी जाऊन बसली. त्यांनी आणखी एक उघडली, मग आणखी एक, आणि प्रत्येक वेळी लेकीकडं बघून हसले. दुकान बंद करायचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

सृष्टी सोमवारी पुण्याला गेली. आठवडा गेला, आण्णांचा फोन नाही. एरवी दिवसाआड असायचा: हे अडलं, ते दिसेना, छापायला जाईना. आता अडतच नव्हतं काही. तिला बरं वाटायला हवं होतं, पण आतून फार पोरकं वाटत होतं. आपण स्वतःच शोधून शोधून इतकं सोपं आणून दिलं की आता आपली गरजच उरली नाही, असं तिच्या मनानं घेतलं. रविवारी तिनंच फोन लावला.

“आण्णा, कंप्युटर कसा आहे?”

“झ्याक हाय. त्याला काय धाड भरलीय?”

शिकायला घराबाहेर पडल्यापासून बापलेकीचं बोलणं कंप्युटरवरून सुरू व्हायचं आणि तिथंच संपायचं. “बरं, ठेवते मग,” ती म्हणाली.

“थांब की. त्याचं झालं बोलून. आता तुजं सांग. तितं एकटी ऱ्हातीस, जीव रमतोय का तुजा?”

एवढ्या वर्षांत हे त्यांनी विचारलं नव्हतं. फोन कानाशी धरूनच ती खाली बसली.

“सांग सावकाश,” आण्णा म्हणाले. “मला आता सवड हाय.”