अकराव्या ओळीतला सहा

मी एक जुना लाकडी फलक आहे, मित्रांनो, आणि जे सांगणार आहे ते सांगताना मला लाज वाटते. बँकांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी कचेरीच्या दर्शनी दालनात मी तेहेतीस वर्षं भिंतीवर होतो. आता जिन्याखालच्या खोलीत, मोडक्या खुर्च्या आणि फायलींच्या गठ्ठ्यांमागे मला उभं करून ठेवलं आहे. कडेला वाळवी लागली आहे. वाळवीचा मला राग येत नाही. ती निदान आपलं काम वेळेवर करते.

माझा जन्म एका फसगतीतून झाला. त्या वर्षी शहरातल्या दोन बँका बुडाल्या होत्या. आतून पार पोखरलेल्या, पण बाहेरून रंगरंगोटी झकास. लोकांना पत्ता लागला तो दाराला टाळं दिसल्यावर. मग वरून हुकूम आला की प्रत्येक बँकेची खरी अवस्था सगळ्यांना दिसेल अशी मांडा. कचेरीने एका सुताराला बोलावलं. त्याचेही पैसे त्या दोनांपैकी एका बँकेत गेले होते. माझ्या फळ्यांवर रंधा मारताना तो स्वतःशीच पुटपुटायचा, "आता बघू कोण लपवतंय ते."

त्याने बावीस ओळी पाडल्या, बावीस बँकांसाठी. ओळींत खाचा केल्या. त्या खाचांत पत्र्याचे आकडे सरकवायचे. आकडे ठोकून उठवलेले होते, बोटाला लागतील असे. सगळ्यात खाली तांबडी पट्टी होती आणि तिच्यावर लिहिलं होतं, 'बंद पडलेल्या बँका'.

आकडे कसले, ते सांगतो. बँक तुमचे पैसे घेते आणि दुसऱ्यांना कर्जाऊ देते. पहिल्या दोन रकान्यांत ठेवी आणि कर्जं. तिसऱ्या रकान्यात असं असे की कर्जाऊ दिलेल्या शंभर रुपयांतले किती आता परत येण्याची आशा नाही. दोन-तीन असले तर निर्धास्त राहा. सहा असले तर चालेल, पण लक्ष ठेवा. वीसच्या पुढे गेले तर पैसे काढून घ्या आणि चालू लागा. इतकं सोपं होतं.

सुरुवातीला माझं केवढं कौतुक झालं! शाळांच्या सहली मला बघायला आल्या. वर्तमानपत्रात माझा फोटो छापून आला. मग हळूहळू लोक मला विसरले. उन्हातून आलेली माणसं पंख्याखाली माझ्याकडे पाठ करून बसत. कुणी माझ्या कोपऱ्याला छत्री अडकवून ठेवी. मला त्याचं वाईट वाटे, पण दर तीन महिन्यांनी एक बाई स्टुलावर चढून माझे आकडे बदलत आणि तेवढ्यात माझा जीव ताजातवाना होई. सगळे त्यांना आकडेताई म्हणत. आकडा सरकवला की त्या बोटाने टिचकी मारून बघत, घट्ट बसला की नाही. चष्म्याच्या वरून पुन्हा एकदा कागदाशी ताडून बघत. एवढ्या वर्षांत त्यांच्या हातून एकही आकडा चुकला नव्हता.

आणि मला मन लावून वाचणारा एक माणूस होता. तो शाळेची बस चालवायचा. अंगाने इतका किरकोळ की सगळे चालक त्याला पावशेर म्हणत. मुलांना शाळेत सोडलं की महिन्याच्या पहिल्या सोमवारी तो खाकी शर्टातच माझ्यासमोर येऊन उभा राही आणि वहीत आकडे उतरवून घेई.

त्याचं कारण असं होतं. बसचालकांची दरवर्षी डोळ्यांची तपासणी होई. नजर अधू झाली की परवाना गेला आणि परवान्याबरोबर पगारही. म्हणून एकेचाळीस चालकांनी मिळून एक निधी काढला होता. दर महिन्याला जमेल तसे पैसे टाकायचे आणि ज्याचे डोळे जातील त्याला त्यातून आधार द्यायचा. तो निधी कुठे ठेवायचा हे पाहणं पावशेरकडे होतं. एकदा त्याने माझा तिसरा रकाना वाचून निधी एका बँकेतून दुसरीत हलवला. आठ महिन्यांनी पहिली बँक तांबड्या पट्टीवर आली. तेव्हापासून चालक म्हणत, "पावशेरने बघितलंय ना? मग झालं तर."

त्यांच्यातला सगळ्यात थोराड चालक म्हणजे भोंपू. रिकाम्या रस्त्यावरही हॉर्न वाजवायची त्याला खोड होती. एकदा तो पावशेरबरोबर आला आणि माझ्यासमोर डोळे बारीक करून उभा राहिला.

"हे काय, नुसत्या रेघाच दिसतात," तो म्हणाला.

पावशेरने वही मिटली. "कधीपासून असं दिसतंय?"

"दिसतंय कुठे? तेच तर म्हणतोय!" भोंपू हसला. पावशेर हसला नाही. त्याच दुपारी तो त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेला.

काचबिंदू निघाला. या दुखण्यात गेलेली नजर परत येत नाही, उरलेली तेवढी वाचवता येते, तीही वेळेत शस्त्रक्रिया झाली तर. भोंपूने त्या दिवशी आपणहून बसची किल्ली परत केली. शस्त्रक्रियेची तारीख पाच आठवड्यांनंतरची मिळाली. पैसे निधीतून द्यायचे, असं सगळ्यांनी एका आवाजात सांगितलं.

निधी होता माझ्या अकराव्या ओळीतल्या बँकेत. तिथे तिसऱ्या रकान्यात सहा होता.

एका गुरुवारी सकाळी आकडेताई नवा तक्ता घेऊन आल्या. त्यांनी पेटीतून तीन आणि एक काढले, स्टूल ओढलं आणि वर चढल्या. एकतीस! शंभरातले एकतीस बुडीत. त्यांनी सहाला हात घातला, तेवढ्यात मागून कचेरीचा साहेब आला.

"थांबा. तो लावू नका."

"साहेब, तक्त्यात आहे."

"वरची सही झालेली नाही अजून. दुसरी एक बँक हिला सामावून घ्यायला तयार आहे, बोलणी चालू आहेत. आज एकतीस लावलात तर उद्या दारात रांग लागेल आणि वाचणारी बँकही मरेल. तेच हवंय का तुम्हाला?"

साहेब वाईट माणूस नव्हता, मित्रांनो. त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं, दोन दिवस तो धड जेवला नसावा. पण त्याने सहा राहू दिला. ताईंनी तीन आणि एक खिशात टाकले आणि त्या खाली उतरल्या.

सोमवारी पावशेर आला. निधीच्या ठेवीची मुदत त्याच दिवशी संपत होती. शस्त्रक्रियेच्या तारखेपर्यंत ती काढून दुसरीकडे ठेवायची, की तिथेच पुढे चालू ठेवायची, हे त्याला तासाभरात ठरवायचं होतं. त्याने अकरावी ओळ वाचली. मग पुन्हा वाचली. बहुधा त्याच्या कानावर काहीतरी आलं असावं, कारण आजवर कधी न विचारलेली गोष्ट त्याने विचारली.

"ताई, हा आकडा ताजा आहे ना?"

ताईंचा हात खिशात गेला. पत्र्यावर पत्रा घासल्याचा आवाज मला ऐकू आला. पावशेरला तो ऐकू आला नाही.

"फलकावर आहे तोच," त्या म्हणाल्या.

"मग काळजी नाही. आमच्या एका माणसाचे डोळे आहेत त्यात, म्हणून विचारलं."

तो ठेव तिथेच पुढे चालू ठेवायला गेला. मी काय करू शकत होतो? तो सहा माझ्या छातीत रुतून बसला होता. मी त्याला ढकलायचा प्रयत्न केला, पण लाकडाचा प्रयत्न तो काय असणार! नुसतं करकरलो. पंख्याखाली बसलेल्या एकाने वर पाहिलं आणि पुन्हा डोळे मिटले. रस्त्यावरून पावशेरची रिकामी बस निघून गेल्याचा आवाज आला. थांब रे, थांब, असं माझी प्रत्येक फळी ओरडत होती.

बोलणी फिसकटली. एकोणीस दिवसांनी बँकेच्या दाराला टाळं लागलं.

दालनात पाय ठेवायला जागा उरली नाही. जो तो माझ्याकडे बोट दाखवत होता. "सहा लिहिलंय! सहाच लिहिलंय!" ज्यांनी मला कधी वाचलं नव्हतं तेही ओरडत होते. सरकारी विम्यातून दर खातेदाराला एक ठरावीक रक्कम मिळणार होती. पण निधी एका खात्यात होता, एकाच नावावर. कायद्याच्या लेखी ते एकेचाळीस चालक नव्हतेच, तो एक खातेदार होता. एका माणसापुरती रक्कम एकेचाळीस जणांत वाटली, तर एकेकाच्या हाती किराणा भरण्यापुरतंही येणार नव्हतं. आणि तीही कधी मिळेल, ते कुणी सांगेना.

चालक पावशेरभोवती गोळा झाले.

"तू तर वाचून आला होतास ना?" एकाने त्याची कॉलर धरली. "दर महिन्याला वही घेऊन मिरवत होतास! काय वाचत होतास मग?"

पावशेरने वही उघडून त्याच्यापुढे धरली. भोंपू बायकोचा हात धरून मागे उभा होता. "सोडा त्याला," तो म्हणाला, पण त्या गलक्यात कुणी ऐकलं नाही.

तेव्हा आकडेताई दालनाच्या मधोमध आल्या. त्यांनी खिशातून ते दोन आकडे काढले आणि सगळ्यांना दिसतील असे हातावर धरले.

"त्यांची काही चूक नाही," त्या म्हणाल्या. "त्यांनी मला विचारलं होतं. एकतीस तेव्हा माझ्या खिशात होता."

कॉलर सुटली. पावशेर त्या आकड्यांकडे पाहत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "ताई, 'मला सांगता येत नाही' एवढंच म्हणाला असतात, तरी मी समजलो असतो."

साहेब आपल्या खोलीच्या दारात उभा होता. तो पुढेही आला नाही आणि आतही गेला नाही.

चौकशी बसली. ती संपेपर्यंत फलकाला कुणी हात लावायचा नाही, असा हुकूम निघाला. माझ्याभोवती सुतळी बांधून लाखेची मोहोर मारली. ताईंना दूरच्या कचेरीत धाडलं. पावशेरने घरचं होतं नव्हतं ते विकून थोडे पैसे उभे केले, पण ते शस्त्रक्रियेच्या निम्म्यालाही पुरले नाहीत. ठरलेली तारीख निघून गेली. पुढची तारीख मिळाली ती चार महिन्यांनंतरची. भोंपूची नजर तोवर थांबली नाही.

विम्याचा अर्ज भरायला तो बायकोबरोबर पुन्हा आला. ती खिडकीपाशी रांगेत उभी राहिली. तो भिंत चाचपत चाचपत माझ्यापाशी पोहोचला. त्याचे तळवे माझ्या ओळींवरून सरकत होते. अकराव्या ओळीत एक बोट थांबलं. त्याने तो उठावाचा आकडा पुन्हा पुन्हा चाचपला.

"हा सहा आहे ना?" त्याने विचारलं. जवळपास कुणीच नव्हतं. "सहाच आहे. मग आमचं असं कसं झालं?"

मी त्याच्या बोटाखाली होतो. त्याच्या इतक्या जवळ, आणि तरी मुका.

मित्रांनो, आता माझं काम यंत्रं करतात. कोणत्याही बँकेचे आकडे तुम्हाला घरबसल्या दिसतात, आणि बंद पडलेल्या बँकांची यादीसुद्धा. ते जरूर वाचा. पण आकडा कोणत्या दिवसाचा आहे ते आधी विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत जागचे हलू नका. तुमच्यातलं कुणीतरी उद्या मोठं होऊन माझ्यासारख्या एखाद्या फलकासमोर स्टुलावर चढेल. मागून कुणीतरी शहाणा माणूस थांबा म्हणेल आणि त्याची कारणंही पटण्यासारखी असतील. त्या वेळी एवढंच आठवा की खाली एक माणूस वही घेऊन उभा आहे आणि त्याने तुमच्यावर भरवसा टाकला आहे. हात मागे घेऊ नका. मी तुमच्या पाया पडतो, हात मागे घेऊ नका.