पडद्यावरची अनसूया

"गुरुअक्का, हात कोरडे करूनच आत यायचं. फडकं कोरडं, झाडू मऊ, आन् पाठीमागच्या वायरीला बोटसुद्धा लावायचं न्हाई."

योगीराज सरांनी हे पहिल्या दिवशी सांगितलं, त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. सर स्वतः ते कधीच विसरले होते. चहाचा कप घेऊन खुशाल मशिनीपुढं बसायचे. गुरुबाईच्या कानात मात्र तो आवाज रोज सकाळी जसाच्या तसा उठायचा. औरादच्या बसस्टँडमागं, श्रीमंतच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानावर, माडीवर सरांचा कॉम्प्युटर क्लास होता. आंघोळ, तुळशीला पाणी, महादेवापुढं दिवा एवढं उरकून गुरुबाई तिथं झाडपूस करायला यायची. चपला जिन्याखालीच काढायची, पदराला हात दोनदा पुसायची आणि मगच कडी काढायची. आत तीन कॉम्प्युटर होते. त्यांच्यावर फुलाफुलांच्या कापडाची झाकणं, तिच्या भाचीनं, विजयश्रीनं शिवलेली. ती झाकणं गुरुबाई रोज देवाच्या वस्त्रासारखी दोन्ही हातांनी उचलायची. एवढाला डबा, आणि त्याला सांगितलेलं तो विसरत नाही म्हणे. बंद केला, झाकला, चार दिवस लाईट गेली, तरी नाही.

विजयश्री याच क्लासात शिकत होती. मंगळवारी बिदरहून परीक्षक येणार होते. ज्याचं काम त्यांना सगळ्यात चांगलं वाटेल, त्या एकाच पोराचं नाव हैदराबादला सहा महिन्यांच्या शिक्षणासाठी जाणार होतं. विजयश्रीनं महिनाभर खपून एक प्रोग्राम लिहिला होता. कन्याशाळेतल्या साठ पोरींची यादी त्यात भरलेली; बटण दाबलं की एकेका पोरीचं नाव आणि मार्क ओळीनं पडद्यावर यायचे.

यायचे कसले! आदल्या दिवशी, सोमवारी सकाळी बटण दाबलं, आणि पडद्यावर एकच नाव धावायला लागलं. पहिल्या पोरीचं. अनसूया. अनसूया. अनसूया. नदीला पूर यावा तसं ते नाव खालून वर वाहायला लागलं, थांबायचं नावच घेईना.

"व्हायरस," योगीराज सर म्हणाले.

खालून श्रीमंत वर आला. त्याला बोलावलं नव्हतं, पण मशीन बिघडल्याचा वास त्याला आपोआप यायचा. "मी पहिल्यापासून सांगायलोय सर, असेंबल केलेला घेऊ नका. डबा एकाचा, पडदा दुसऱ्याचा, आतलं काळीज तिसऱ्याचं. भांडणारच की ते एकमेकांत!"

"कंपनीचा घेतला असता तर तेवढ्या पैशात एकच आला असता श्रीमंतअण्णा. मग तिघं तिघं एकमेकांच्या मांडीवर बसवू का?"

"रॅम उडाली असंल. उघडा."

डबा उघडला. गुरुबाई हातात फडकं घेऊन भिंतीशी उभी होती, तिनं पहिल्यांदाच आत पाहिलं. हिरवी पाटी, आणि तिच्यावर केसासारख्या बारीक चंदेरी वाटा. शेकड्यानं वाटा, जवळजवळ चाललेल्या, एकत्र वळणाऱ्या, पण एकही दुसरीच्या अंगावरून गेलेली नाही. कुणी आखल्या असतील? कुठल्या हातानं? तिचे दोन्ही हात कधी जुळले ते तिलाच कळलं नाही.

"अक्का, नारळ आणू का?" श्रीमंत हसला.

त्यानं रॅमची लांबट पट्टी उपसून काढली, तिचे सोनेरी दात खोडरबरनं घासले, फुंकर मारली, परत दाबून बसवली. मशीन चालू केलं. अनसूया, अनसूया, अनसूया.

"गेली. बिदरवरून नवी आणावी लागती," असं सांगून श्रीमंत जिना उतरला. त्याच्या मागोमाग सरही, कुणाला तरी फोन लावायला.

खोलीत दोघी राहिल्या. विजयश्रीनं दोन बटणं एकदम दाबून तो पूर थांबवला आणि तोंड ओढणीत खुपसलं. गुरुबाई तिच्याजवळ खाली बसली.

"कामून रडायलीस गं?"

"हे चाललं तरी काय उपयोग, आत्या? फॉर्मवर अप्पांची सही लागती. अप्पा करणार हायत का? बिदरच्या पुढं आपल्या घरची पोर गेली न्हाई म्हणत्यात."

गुरुबाईचा थोरला भाऊ, विजयश्रीचा बाप आप्पाराव हे असं बोलायचा आणि घरात त्यावर कुणी बोलत नसे. गुरुबाई तर नाहीच. नवरा गेल्यावर ती भावाच्या दारी आली, त्याला चौदा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तिनं भावाला जेवायला चला यापलीकडं काही म्हटलं नव्हतं. पण समोरच्या पोरीचे खांदे हलत होते.

"अप्पांना मी बोलते," ती म्हणाली.

विजयश्रीनं ओढणी खाली केली. "तू?"

"व्हय. हे तुझं चालू दे. मी बोलते. महादेवाची आण."

मग गुरुबाईनं पडद्याकडं बोट करून विचारलं, "ह्याला तू सांगितलंयस तरी काय? मला मराठीत सांग."

"सोपं हाय. पहिलं सांगितलं, नंबर एक धर. मग म्हटलं, त्या नंबराच्या पोरीचं नाव दाखव. मग नंबरात एक मिळव. साठाच्या पुढं गेला का बघ. गेला तर थांब. न्हाई गेला तर परत वर जा."

"वर म्हणजे कुठं?"

"वर. सुरुवातीला. पहिल्या ओळीला."

गुरुबाईच्या हातातलं फडकं थांबलं. "म्हणजे संकल्पाला?"

"कसला संकल्प?"

"अगं, मी नवी नवरी होते. सोळा सोमवार धरले. पहिल्या सोमवारी चन्नव्वा आजीनं तळहातावर पाणी घेऊन संकल्प सोडायला लावला, आजपास्नं धरते म्हणून. मला वाटलं, दर सोमवारी सोडायचा असतो. मी आपली दर सोमवारी पाणी घ्यायची, आजपास्नं धरते म्हणायची. चार महिन्यांनी उद्यापनाचं बोलायला गेले तर म्हातारी कपाळ बडवून हसली. म्हणाली, येडे, तू सोळा सोमवार केलेच न्हाईत. पहिलाच सोमवार सोळा डाव केलास!"

विजयश्री हसायला लागली आणि हसता हसता तिचं तोंड उघडंच राहिलं.

"संकल्प एकदाच सोडायचा असतोय बाई," गुरुबाई हळू म्हणाली. "मागं फिरायचं ते पूजेपाशी. संकल्पापाशी न्हाई. हे बिचारं तू सांगितलंस म्हणून दर खेपेला नंबर एक धरायलंय. ह्याचं काय चुकलं?"

विजयश्री कीबोर्डावर वाकली. शेवटच्या ओळीत परत जाण्याचा आकडा होता दहा, म्हणजे पहिलीच ओळ; नाव दाखवायची ओळ वीस नंबरची होती. तिनं दहाचे वीस केले. एवढंच. एक आकडा पुसला, एक घातला. मग तिनं आत्याकडं पाहिलं. "तू दाब."

"मी? न्हाई गं बाई."

"हात कोरडे हायत न्हवं? दाब."

गुरुबाईनं बोट पुढं केलं. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण एकसारखं आणि वेगळं तिला कळत होतं. पहिली ओळ आली. दुसरी आली, ती पहिलीसारखी नव्हती. तिसरी, चौथी, सगळ्या निराळ्या. घंटा वाजल्यावर शाळेच्या दारातून पोरी बाहेर पडाव्यात तशी नावं येत गेली, सगळ्या साठजणी, एकही मागं राहिली नाही. साठावीवर ते थांबलं. खाली एक छोटीशी रेघ लुकलुकत राहिली, पुढं काय करू म्हणून विचारत असल्यासारखी.

गुरुबाई त्या रेघेकडं बघत राहिली. सकाळपासून त्याला व्हायरस म्हटलं, त्याचं पोट उघडलं, दात घासले. त्यानं राग धरला नाही. चूक सांगितली तेव्हा चूक केली, हजार डाव सांगितली तर हजार डाव केली. बरोबर सांगितलं तेव्हा बरोबर केलं. तिला स्वतःला एकशेआठचा जप करताना चाळीसाव्या मण्याला चुलीवरचं दूध आठवायचं. असं निखळ ऐकणं तिनं आजवर कुणातच बघितलं नव्हतं, माणसात नाही आणि स्वतःत तर नाहीच.

"आत्या, रडायलीस का आता तू?"

"न्हाई. बघायले."

सर वर आले, पडदा पाहिला, प्रोग्राम तीनदा चालवून पाहिला. मग डोकं खाजवत म्हणाले, "रॅमचं काय सांगू श्रीमंतअण्णाला? तो बिदरच्या बसमध्ये बसला की." हसत हसतच त्यांनी टेबलाच्या खणातून हैदराबादचा फॉर्म काढला. "विजयश्री, नाव तुझंच जाणार असं दिसायलंय. पण वडलांची सही उद्या सकाळी पाहिजे. परीक्षक आले की लगेच देतो."

विजयश्रीनं फॉर्म घेतला, पण तो धरून तशीच उभी राहिली. गुरुबाईनं तो तिच्या हातातून अलगद काढून घेतला, मोडू नये म्हणून एका वहीत घातला आणि वही पिशवीत ठेवली.

"मी येऊ का, आत्या?"

"नको. तू हे आनखी एकदा चालवून बघ."

जिन्याखाली तिनं चपला चढवल्या. दुपारचे दोन वाजले असतील. सोमवारच्या उपासाचं पोट रिकामं होतं, पण ती कुठं न थांबता जीपच्या थांब्याकडं निघाली. आप्पाराव आज वाडीच्या खळ्यावर तुरीची रास करत होता, गडीमाणसं भोवती असणार. चार माणसांत बोलावं लागलं तर चार माणसांत. संतपूरकडं जाणारी जीप भरत आली होती. मागच्या फळीवर वीतभर जागा होती, तिथं ती अंग चोरून बसली, पिशवी पोटाशी धरली आणि ड्रायव्हरला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाली, "वाडीच्या फाट्याला उतरवा अण्णा."